दिलवरसिंगच्या नावाचा परवाना

उंबरपाड्यावर शेळी अडली की माणसं देवाच्या आधी दिलवरसिंगला हाक मारत. तो येई, हात धुई आणि शेळीच्या पोटावर नुसता तळवा ठेवून उभा राही. करडाचा पाय आडवा आलाय की मान वळलीय, हे त्याच्या तळव्याला कळायचं. धडगाव तालुक्यात डोंगर पुष्कळ, शेळ्या त्याहून पुष्कळ, पण असा तळवा दुसरा नव्हता. हे पाड्यावरचं कोणतंही माणूस शपथेवर सांगेल.

त्याचं आणखी एक कसब होतं. एखाद्या शेळीचं करडू मेलं आणि दुसरीकडे एखादं करडू आईवाचून पडलं, की तो मेलेल्याचं कातडं हलक्या हाताने सोलायचा आणि जित्या करडाच्या पाठीवर बांधायचा. शेळी हुंगायची. आपल्या पोराचा वास आला की पान्हा सोडायची. चार दिवसांत दोघांची ओळख पटायची.

"पाचव्या दिवशी कातडं काढायचंच," तो बजावून सांगे. "जास्त ठेवलं तर कुजतं, आणि खालचं करडूही खराब करतं."

या कातड्यानेच त्याला परवाना मिळवून दिला.

नंदुरबारला स्टेशनजवळ आमीरचं दुकान होतं. पासपोर्टचे अर्ज, तिकिटं, परदेशी नोकरीचे कागद असा त्याचा धंदा. माणूस बोलभांड, पण व्यवहाराला सरळ. त्याला बोकडांचा शौक होता. ईदच्या आधी तो डोंगरातले पाडे पालथे घालायचा. अशाच एका फेरीत त्याने दिलवरसिंगचं ते कातडं बांधणं पाहिलं आणि मोबाईलवर उतरवून घेतलं. पुढे सायप्रस नावाच्या बेटावरून शेळ्यांच्या गोठ्यासाठी माणसं हवी असल्याचं त्याच्याकडे आलं, तेव्हा त्याने तेच चित्रण पाठवून दिलं. गोठ्याच्या म्हाताऱ्या मालकाने ते पाहिलं आणि उलट निरोप दिला की माझा बापही असंच करायचा. हाच माणूस पाठवा.

सायप्रस कुठे आहे हे दिलवरसिंगला आमीरने भिंतीवरच्या नकाशात दाखवलं होतं. निळ्या समुद्रात वाटाण्याएवढा ठिपका. तिथे शेळीच्या दुधाचं चीज करतात, डोंगर आहेत, उन्हाळा कडक आहे.

"म्हणजे आपल्यासारखंच," दिलवरसिंग म्हणाला.

"तुन्हा डोंगरले समुद्र कुठे शे, भाऊ?" आमीर अहिराणीत म्हणाला आणि हसला.

मग वर्षभर कागद चालले. पासपोर्ट झाला. पोलिसांचा दाखला झाला. सुरतेला जाऊन रक्त दिलं, छातीचा फोटो काढला. बेटावरच्या मालकाने तिथल्या सरकारकडे अर्ज केला, करारावर शिक्का बसला, आणि दिवाळी उलटल्यावर आमीरचा फोन आला, "दिलवर, तुन्हा कागद उना रे! दोन वर्षांचं परमिट!" परवान्यावर नाव होतं दिलवरसिंग रूपचंद वसावे. पौष संपायच्या आत बेटावर पाऊल ठेवायचं होतं; नाहीतर परवाना रद्द.

त्या भरवशावर त्याच्या बायकोने, रमिलाबाईने, एक धाडस केलं. दरवर्षी दोघं ऊसतोडीला गुजरातेत जात आणि सहा महिने ताडपत्रीखाली काढत. या वर्षी तिने मुकादमाला तोंडावर सांगितलं, "आमचं नाव घेऊ नको. आमचा माणूस समुद्रापार चाललाय." संध्या, त्यांची मुलगी, बारावीला होती. तिला नर्स व्हायचं होतं. बापाच्या दोन वर्षांत तिचं शिक्षण निघणार होतं. रमिलाबाई पाण्याला गेली तरी बेटाच्याच गोष्टी सांगायची, आणि घरी आली की नवऱ्याला टोमणा मारायची, "तिकडच्या शेळ्यांशी काय ते बोल. बायांशी बोलायचं काम नाही."

आणि तेवढ्यात एक कागद कमी पडला.

"दिलवर, ऐक," आमीर फोनवर म्हणाला. "तिकडची भरतीवाली बाई मन्हावर हसी ऱ्हायनी. तुमच्या भागातली तीन माणसं घेतली, तिघं एक जूनला जन्मलेली. ती विचारते, तुमच्याकडे लोक वर्षातून एकाच दिवशी जन्मतात का?"

दिलवरसिंगलाही हसू आलं. डोंगरातल्या कोणत्या आईने तारीख लिहून ठेवलीय? शाळेत नाव घालताना मास्तरने लिहिली ती तारीख, आणि मास्तरच्या हाताला एक जूनची सवय.

"हसू नको. आता तिला तिघांचेही जन्माचे दाखले पाहिजेत. नोंद नसेल तर नोंद नाही असं लिहून आण, मग पुढचं प्रतिज्ञापत्र मी बघतो. पण लवकर."

तो दुसऱ्याच दिवशी जीपने धडगावला उतरला.

जन्ममृत्यूच्या कचेरीत उमाकांत नावाचे कारकून होते. चष्मा कपाळावर आणि बोटाला कायम शाई. ग्रामपंचायतीच्या काळातली जुनी दप्तरं त्यांनीच कापडात बांधून नीट ठेवली होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी जन्माचं पुस्तक चाळलं. वसाव्यांची पोरं पुष्कळ होती, दिलवरसिंग नव्हता.

"नाही तुमचं नाव. घरी बाळंतपण झालं असणार. तसं लिहून देतो," ते म्हणाले. मग सवयीने दुसरं पुस्तकही ओढलं. नाव कुठे चुकून चढलंय का, ते पाहायची त्यांची रीत होती. बोट खाली सरकत गेलं. एका ओळीवर थांबलं.

"वडिलांचं नाव काय म्हणालात?"

"रूपचंद."

"आईचं?"

"दिवलीबाई."

"पाडा?"

"उंबरपाडा."

उमाकांतांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वाचलं, आणि बाजूची खुर्ची पायाने सरकवली. "भाऊ, तुम्ही जरा बसा."

"काय झालं साहेब?"

"बसा तर खरं."

तो बसला नाही. त्याने वाकून पाहिलं. ते मृत्यूचं पुस्तक होतं. निळ्या शाईत, पसरट अक्षरात लिहिलं होतं: दिलवरसिंग रूपचंद वसावे, पुरुष, वय सहा वर्षे, राहणार उंबरपाडा, हिवताप, तेवीस ऑगस्ट एकोणीसशे चौऱ्याण्णव.

त्याने ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं. शाळेत शिकलेलं प्रत्येक अक्षर ओळखीचं होतं, आणि ओळीचा अर्थ डोक्यात शिरत नव्हता.

"मी तर इथे उभा आहे," तो म्हणाला.

"उभे आहात, म्हणून तर मला घाम फुटलाय," उमाकांत पुटपुटले.

मागे रांगेत एक म्हातारा ताटकळला होता. "ओ भाऊ, भूत असलं तरी नंबराने घ्या," तो म्हणाला. दोन बाया हसल्या. दिलवरसिंगचं तिकडे लक्ष नव्हतं. ओळीच्या शेवटी खबर देणाऱ्याचा अंगठा उमटला होता. रूपचंद वसावे याच्या डाव्या हाताचा. अंगठ्याच्या रेषा मधोमध तिरप्या चिरल्या होत्या, कोयत्याने काकडी चिरावी तशा.

ती चीर त्याने जन्मभर पाहिली होती. ऊस तोडताना बापाच्या अंगठ्यावर कोयता बसला होता. बाप बारा वर्षांपूर्वी गेला, तेव्हा त्याच अंगठ्याला धरून त्याने त्याचा हात छातीवर ठेवला होता. दुसरा कुणी रूपचंद असेल, दुसरा उंबरपाडा असेल, लिहिणाऱ्याने चूक केली असेल, असं जे जे तो मनात जुळवत होता, ते सगळं त्या चिरेपाशी येऊन संपलं.

परतीच्या जीपमध्ये तो मागे लोंबकळत उभा होता. घाटातली वळणं आली आणि गेली. पाड्याचा फाटा आला तरी तो उतरला नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून त्याला उतरवलं. हातपाय होते, ऊन लागत होतं, तहान लागली होती. आणि तरी त्याला वाटत होतं, समोरून कुणी आलं तर आपल्याला पाहणार नाही.

दिवलीबाई अंगणात उडीद पाखडत बसली होती. साठी ओलांडलेली, अंगाने वाळकी, पण सूप धरलं की दाणा बाहेर पडत नसे. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"याहा," त्याने आईला हाक मारली, "दिलवरसिंग कोण होता?"

सूप हवेत गेलं ते खाली आलं नाही. उडीद तिच्या मांडीवर, मातीवर सांडले. तिने ते गोळा करायला हात पुढे केला आणि हात तसाच मातीवर ठेवून बसून राहिली.

"कुणी सांगितलं?"

"सरकारच्या पुस्तकात आहे. खाली बाचा अंगठा आहे."

ती बोलली ती खाली बघूनच.

"तुझ्याहून दोन होळ्यांनी मोठा. पहिला पोरगा म्हणून तुझ्या बापाने त्याला मोठं नाव ठेवलं, नंदुरबारच्या बाजारात ऐकून आला होता. तुझ्या वेळी त्याची हौस भागली होती. तू शनिवारचा, म्हणून थावऱ्या. त्याला आश्रमशाळेत घातलं. पावसाळ्यात तापात घरी आला. झोळी करून धडगावच्या दवाखान्यात नेला. परत आणला तो झाकून आणला."

"आणि मी?"

"दिवाळीनंतर शाळेतून माणूस आला. नवा मास्तर होता, कुणाला ओळखत नव्हता. पटावर नाव आहे, पोरगा पाठवा म्हणाला. त्या साली घरात दाणा नव्हता. तुझा बाप मला म्हणाला, ताट वाढलेलं आहे, ते रिकामं कशाला ठेवायचं?" तिने मातीतले उडीद मुठीत घेतले. "तू साडेचार वर्षांचा होतास. भुकेने रडायचास. मी काही बोलले नाही."

त्याला ती वाट आठवली. किती वेळा आठवली होती, आणि दर वेळी गोड वाटली होती! बापाच्या खांद्यावर बसून शाळेत जाणं. बाप सारखा विचारायचा, नाव काय तुझं? तो म्हणायचा, थावऱ्या. बाप म्हणायचा, नाही, दिलवरसिंग, पुन्हा सांग. ओढा ओलांडेपर्यंत, टेकडी चढेपर्यंत, पुन्हा सांग, पुन्हा सांग. शाळेत गेलं की माणसाचं नाव मोठं होतं, असं त्याला वाटलं होतं. वर्गात तो सगळ्यांत बुटका होता, आणि मास्तर म्हणायचे, दिलवर, तुझ्या वयाच्या एका पोरात तुझ्यासारखे दोघं मावतील की रे.

आणि आईने त्याला कधी, एकदाही, दिलवरसिंग म्हटलं नव्हतं. पाडा म्हणायचा, बायको म्हणायची, मुकादम म्हणायचा. आई थावऱ्याच म्हणायची. ते लाडाचं नाव आहे, असं तो सगळ्यांना सांगत आला होता.

दारात रमिलाबाई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या हातातली पिठाची परात वाकडी झाली होती.

"मग माझं लगीन कुणाशी लागलं?" ती म्हणाली. "अठरा वर्षं मी मेलेल्याच्या नावाने कुंकू लावते?"

"त्याच्या नावाने लावलंस," दिवलीबाई म्हणाली. "पोरगा माझाच आहे."

गावात फोन लागायचा तो फक्त टेकडीवरच्या खडकावर. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथे चढला आणि आमीरला सगळं सांगितलं.

"या अल्ला," आमीर म्हणाला. मग सावरला. "दिलवर, ऐक. हे त्या कचेरीतच ठेव. परमिट दिलवरसिंगचं, पासपोर्ट दिलवरसिंगचा. तू बेटावर गेलास की कोण बघतं? दुसऱ्या तालुक्यातून दाखला काढता येईल, एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. त्या दप्तरात तू मेलेला नाहीस."

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर पासपोर्ट बदलायचा, नाव बदलायचं, तिकडचा अर्ज पहिल्यापासून. पौष काय, दुसरा पौष येईल. म्हातारा मालक थांबेल का, ते त्याचं त्याला ठाऊक. माणूस तू तोच, पण परमिट नावाला देतात रे, माणसाला नाही."

"उद्या सांगतो."

त्याला दाखला हवा होता. हे लपवण्यात अर्थ नाही. संध्याचं पुस्तकात खुपसलेलं डोकं त्याच्या डोळ्यांपुढे होतं, आणि उसाच्या फडातली ताडपत्रीही. तो घरी आला तो आईला हे सांगायलाच, की कागद करून घेतो, समुद्रापार जातो, कुणाला काही बोलू नकोस.

त्याने सांगितलं. दिवलीबाईने मान हलवली.

"कागदाचं तुला कळतं. मला एक सांगायचंय. त्याचा दगड बसवायचा राहिला."

त्यांच्या पाड्यात माणूस गेलं की शेताच्या कडेला त्याच्या नावाचा दगड उभा करत. आई किंवा बायको तीनदा नाव घेऊन हाक मारायची आणि ते नाव दगडाला द्यायची. मग ते नाव त्या घरात कुणा जित्या माणसाला लावायचं नाही, अशी रीत होती.

"तुझा बाप म्हणायचा, थांब, पोराची शाळा होऊ दे. शाळा झाली, मग लग्न होऊ दे म्हणाला. मग वनजमिनीचा पट्टा त्या नावाने आला. मग तोच गेला. त्याचा दगड बसवला, पोराचा नाही. एकतीस पावसाळे तो उघड्यावर आहे. आता तू त्याचं नाव समुद्रापार नेतोस. मी आणखी दोन वर्षं जगेन का, मला माहीत नाही."

ती एवढंच बोलली. रडली नाही. तो उठला आणि शेळ्या घेऊन रानात गेला.

कळपात एक करडू होतं. त्याच्या पाठीवर त्यानेच बांधलेलं कातडं होतं. धडगावच्या धावपळीत तो दिवस मोजायचा विसरला होता. आज सातवा दिवस होता. जवळ गेला तर वास आला. त्याने करडू मांडीवर घेतलं, दोऱ्या कापल्या, कातडं सोडवलं. खाली केस गळले होते आणि कातडी लाल झाली होती. करडू अंग झाडून उभं राहिलं, दोन उड्या मारल्या आणि शेळीकडे पळालं. शेळीने हुंगलं. घेतलं.

तो पुष्कळ वेळ ते कुजकं कातडं हातात धरून बसला होता. त्याने आपल्या दंडावर हात फिरवला, मानेवर फिरवला, जणू तिथे कुठे गाठ आहे ती शोधावी.

खडकावर जाऊन त्याने फोन केला, "आमीरभाई, ओळखीच्या माणसाला सांगू नको."

पलीकडून मोठा उसासा आला. "येडा शेस तू. म्हाताऱ्याला मी लिहितो. शेळ्या काही पौषातच विणार नाहीत."

रमिलाबाईला सांगणं याहून अवघड होतं. तिने ऐकलं, पदर खोचला आणि म्हणाली, "बरं. ऊस काही बेटावर पळाला नाही." ती सरळ मुकादमाकडे निघाली. चार पावलं जाऊन मागे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग. "नाव काय सांगू त्याला? कुणाची बायको म्हणून सांगू?"

तो तिच्याकडे बघत राहिला.

धडगावच्या कचेरीत उमाकांतांनी उशिराच्या नोंदीचा अर्ज त्याच्यापुढे ठेवला. "नीट ऐका. नुसतं नवं नाव लिहिलंत तर रेशनपासून मुलीच्या जातीच्या दाखल्यापर्यंत सगळं उसवेल. पुढे ऊर्फ दिलवरसिंग लिहा, कागदापुरतं. मोठ्या साहेबांचा हुकूम लागेल, महिने जातील. आईला आणलंय ना? जन्म केव्हाचा, आई?"

"होळीनंतरचा पहिला थावर," दिवलीबाई म्हणाली. "मोहाची फुलं वेचून आले आणि पोटात कळ आली."

उमाकांतांनी साल मोजलं, मोबाईलवर जुनं पंचांग काढलं, बोटाने होळी शोधली. "सतरा मार्च, एकोणीसशे नव्वद. शनिवार."

पस्तीस वर्षांच्या माणसाला जन्मतारीख मिळाली. त्याने पेन घेतलं. अर्जदाराचे नाव, या ओळीवर त्याने थावऱ्या लिहिलं. ते नाव त्याने आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. थ काढताना हात अडला, आणि उमाकांतांना वाटलं, शाई संपली.

परवान्याचा शेवटचा दिवस होता, त्या सकाळी पाडा शेताच्या कडेला मोहाखाली जमला होता. रूपचंदच्या दगडाशेजारी नवा लहान दगड उभा केला होता, सहा वर्षांच्या पोराच्या उंचीचा. थावऱ्याने तो ओढ्यातून स्वतः पाठीवर वाहून आणला होता. पुजाऱ्याने त्याला शेंदूर लावला, पाणी शिंपडलं आणि बाजूला सरला.

"हाक मार, दिवली. तीनदा."

दिवलीबाई पुढे झाली. एकतीस वर्षं जे नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं, ते आधी ओठांवर थरथरलं. मग ती मोठ्याने, रानात गेलेल्या पोराला जेवायला बोलवावं तशी ओरडली.

"दिलवरसिंगऽऽ!"

"ओ!" थावऱ्या म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं. सगळा पाडा त्याच्याकडे बघत होता. संध्याने आईचा हात घट्ट धरला. दिवलीबाई वळून त्याच्याकडे बघत उभी होती आणि तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

त्याने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.

"मार हाक," पुजारी हळूच म्हणाला.

तिने दगडाकडे तोंड केलं आणि दुसरी हाक मारली. मग तिसरी. त्याने डोळे गच्च मिटले होते, आणि हातांच्या आत त्याचे ओठ हलत होते. पण या वेळी कुणीच ओ दिली नाही.